मदत हवी आहे : स्केचअप-लेआउटमध्ये (थ्रीडी मॉडेल आणि त्यावरून कागदावरची ड्रॉइंग्ज करणारं सॉफ्टवेअर) कॉन्झर्व्हेटरीची, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीची, काच कशी दाखवता?

काम इंग्लंडमधलं. सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं) घर, मागच्या बाजूला 3.6 मीटर खोल कॉन्झर्व्हेटरी. परवानगीशिवाय चालणारी मर्यादा 3 मीटर. शेजाऱ्यांना कळवून 6 मीटरपर्यंत जाण्याची सवलत कॉन्झर्व्हेशन एरियात (जुन्या वास्तूंच्या संरक्षित भागात) लागू नाही, आणि हे घर तिथेच आहे. म्हणून पूर्ण हाउसहोल्डर अर्ज (घरातल्या बांधकामासाठीचा परवानगी अर्ज).

लोकेशन प्लॅन 1:1250, ब्लॉक प्लॅन 1:500, लाल रेघ, उत्तर दिशा हे सगळं तयार आहे. अडतंय ते 1:50 च्या एलिव्हेशनवर (बाहेरून समोर दिसणाऱ्या बाजूच्या चित्रावर), कागद ए3.

सीन (मॉडेलचा जतन केलेला देखावा) पॅरलल प्रोजेक्शनमध्ये, लेआउटमध्ये ऑर्थो चालू, त्यामुळे स्केल बरोबर. पण काच पारदर्शक ठेवली की घराची मागची भिंत, जुना दरवाजा, सगळ्या रेघा पुढे येतात आणि ग्लेझिंग बार (काचांमधल्या पट्ट्या) त्यात हरवतात. काच अपारदर्शक केली तर मागचा दरवाजा राहतोय की काढलाय, हे चित्रावरून कळत नाही. रास्टरमध्ये (ठिपक्यांच्या चित्रात) बारीक रेघा फुटतात, हायब्रिडमध्ये (रास्टर अधिक व्हेक्टर रेघा) पीडीएफ फुगते.

मला सुचलेला उपाय : एकावर एक दोन व्ह्यूपोर्ट (कागदावर मॉडेल दाखवणाऱ्या चौकटी), खाली घर फिकट करड्या 0.13 मिमी रेघेत, वर फक्त फ्रेम 0.25 मिमी मध्ये व्हेक्टर, काचेचा टॅग (लपवता येणारा गट) बंद. पण मॉडेल बदललं की दोन्ही सीन सांभाळत बसावं लागतं. याहून सुटसुटीत पद्धत कुणी वापरतं का? की सरळ टूडी कॅडमध्ये रेघा काढणंच बरं?

(‘फिट टू पेज’ने छापल्यावर स्केल बिघडतं, हे माहीत आहे, 5 मीटरची स्केल बार टाकली आहे, कागदावर 100 मिमी भरायला हवी.)