सहा महिने परदेशात राहून कॉलेजचा मुलगा खरंच घडतो का?

शेवटचं_वर्ष (धागा सुरू करणारी)

माझ्या चुलतभावाची एक सत्र जर्मनीत शिकायला आणि तिथेच इंटर्नशिप करायला, असे एकूण सहा महिने, निवड झाली आहे. तो तिसऱ्या वर्षाला आहे. काका कराडला असतात. पैशांसाठी काकूचे दागिने गहाण ठेवायचीही त्यांची तयारी आहे, पण त्यांनी मला सरळ विचारलं, "तू जाऊन आलीस. तुला नक्की काय मिळालं ते सांग, मग ठरवतो." फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा, काकांना सगळं वाचून दाखवणार आहे.

मी मेकॅनिकलची. गेल्या वर्षी श्टुटगार्टला होते. इंटर्नशिप एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी विभागात होती. मार्गदर्शक बाबांच्या वयाचे, पण पहिल्याच दिवशी म्हणाले, मला नावाने हाक मार, 'अहो-जाहो' नको. त्यांनी काम समजावलं, "कळलं का?" विचारलं, मी "हो" म्हणाले. कळलं नव्हतं. तेल गरम होऊन तापमान स्थिर झाल्यावर रीडिंग घ्यायचं होतं, मी थंड पंपावर घेत राहिले. आठ दिवसांची मोजमापं वाया गेली.

ते चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "आपल्याला कळलेलं नाही, हे तुझ्या केव्हा लक्षात आलं?" मी म्हणाले, पहिल्याच दिवशी. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ती शांतता मला अजून आठवते. घरी, शाळेत, कॉलेजात "कळलं का?" या प्रश्नाला मी आयुष्यभर एकच उत्तर देत आले होते. ते उत्तर खोटं असू शकतं आणि त्या खोट्याने कुणाचं तरी काम बिघडतं, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं.

रविवारी दुकानं बंद असतात हे विसरून उपाशी राहणं, रहिवास नोंदणीच्या कचेरीत मोडक्या जर्मनमध्ये बोलणं, असं पुष्कळ काही झालं. पण ते सगळं त्या एका प्रश्नापुढे किरकोळ आहे. परत आल्यावर लॅबमध्ये मी पहिल्यांदा "सर, मला हे कळलं नाही" म्हणाले, तेव्हा अख्खी बॅच वळून माझ्याकडे बघत होती.

भोसरी_शेड

ताई, मनापासून लिहिलंयस, पटलंही. पण निष्कर्ष पटला नाही. भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे, बावीस वर्षं झाली. आयटीआयची, डिप्लोमाची पोरं माझ्याकडे येतात आणि तीही "हो" म्हणतात. मग जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, रिजेक्ट होतो. मी प्रत्येकाला ड्रॉइंग हातात देऊन सांगतो, आता तू मला समजाव. दोन महिन्यांत पोरगं स्वतःहून विचारायला लागतं. त्यासाठी सहा-साडेसहा हजार किलोमीटर जावं लागत नाही.

तुला तिथे जे मिळालं ते देशामुळे नाही, त्या एका माणसामुळे मिळालं. तसा माणूस चाकणलाही भेटू शकतो आणि श्टुटगार्टला न भेटण्याचीही तेवढीच शक्यता आहे. काकांना सांग, दागिने गहाण ठेवून माणूस भेटेल याची खात्री कुणी देत नाही.

सहा_जणांचा_फ्लॅट

भोसरीच्या दादांना दुजोरा. मी २०१९ मध्ये गेलो होतो, गावाचं नाव सांगत नाही. एका मजल्यावर आम्ही सहा मराठी मुलं. सकाळी कुकर, रात्री कुकर, मध्ये लॅब. इंटर्नशिपमध्ये मला जुनी ड्रॉइंग नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला बसवलं होतं. जर्मन जेमतेम ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मी एकटा. परत आलो तेव्हा सगळे म्हणाले, पोरगा किती बदलला! मी बदललो नव्हतो. फक्त जाकीट चांगलं होतं. वडिलांनी त्यासाठी काढलेलं कर्ज मी मागच्या वर्षी फेडलं. तेव्हा हे त्यांच्यासमोर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून आज लिहितोय.

नांदेडची

मला वेगळाच प्रश्न पडतो. मी नांदेडहून पुण्याला शिकायला आले. पहिल्या वर्षी "काय करायलाव?" म्हटलं की वर्ग हसायचा. मी बोलणंच बंद केलं. मेसचं जेवण, कॉट बेसिसवरची खोली, बँकेचा फॉर्म, सगळं पहिल्यांदा आणि एकटीने. कुणी त्याला 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हटलं नाही, मुलाखतीत कुणी त्याबद्दल विचारलं नाही. तेच श्टुटगार्टला केलं की रेझ्युमेवर चढतं. मला राग तुमच्या अनुभवाचा नाही, त्याच्या किमतीचा आहे.

आणि खर्चाचं स्पष्ट बोलू या. २०२४ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थी व्हिसासाठी महिना ९९२ युरोच्या हिशोबाने पैसे ब्लॉक्ड खात्यात (आधीच भरून ठेवायचे, मग महिन्याला ठरावीकच काढता येतात) दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. ज्यांच्या घरी गहाण ठेवायलाही काही नाही, त्यांचं काय? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, कॉलेजातल्या मुलांच्या एका सत्रासाठी नाही. जर्मनीच्या 'डाड' या संस्थेची 'वाइज' इंटर्नशिप शिष्यवृत्ती ठरावीक संस्थांतल्या मुलांपुरती.

वाचनकट्टा

नांदेडच्या ताई, पैशाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण "तेच इथेही मिळतं" याच्याशी नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बावीस वर्षांचे असताना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. त्यांच्याकडे बुद्धी काय इथे नव्हती? अभ्यासाची चिकाटी नव्हती? सगळं होतं. पण ज्या समाजात जन्म गेला, त्याच्या बाहेर पाऊल टाकून रोज जगून पाहणं इथे राहून शक्यच नव्हतं. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. हे चूक आहे हे त्यांना आधीही माहीत होतं. पण आता त्यांच्याकडे दुसऱ्या तऱ्हेने जगलेली वर्षं होती.

सहा महिन्यांच्या मुक्कामाची त्याच्याशी बरोबरी करत नाही. एवढंच म्हणतो की ज्या घरात आपण वाढलो ते बाहेरून कसं दिसतं, हे बाहेर गेल्याशिवाय दिसत नाही. भोसरीचे दादा पोरांना प्रश्न विचारायला शिकवतात, ते मोठं काम आहे. पण तिथेही ते 'शेठ'च असतात ना? पोरगं त्यांना नावाने हाक मारेल का?

भोसरी_शेड

नाही मारणार. आणि मारावी असं मला वाटतही नाही. आदर राखूनही चूक दाखवता येते. माझा एक ऑपरेटर मला 'मालक' म्हणतो आणि चौघांसमोर सांगतो की फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारा साचा) चुकलंय. ते मला जास्त मोलाचं वाटतं. यावर आपलं जमणार नाही, असू दे.

शेवटचं_वर्ष

सगळ्यांचे आभार. काल रात्री काका-काकूंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. 'सहा जणांचा फ्लॅट' दादांचा प्रतिसाद काकांनी दोनदा वाचायला लावला.

नांदेडच्या ताई, तुमचं मला लागलं. माझ्या वर्गातही उदगीरची एक मुलगी होती, ती पहिल्या वर्षी बोलायची नाही आणि मी हसणाऱ्यांत होते. श्टुटगार्टच्या त्या कचेरीत माझ्या जर्मनवर काउंटरमागची बाई हसली, तेव्हा मला तीच आठवली होती. हे मी वर लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. गेल्या महिन्यात तिच्याशी बोलले. ती नीट बोलली, पण मैत्री झाली असं म्हणणार नाही.

माणूस भेटेल याची खात्री नाही, हे खरं. पण माझं मत तरीही 'जाऊ दे' असंच आहे, दोन अटींवर. एक, जर्मन किमान ए-टू झाल्याशिवाय नाही, म्हणजे जेवणाच्या टेबलावर तो एकटा पडणार नाही. दुसरी, दागिन्यांना हात लावायचा नाही. दोन कॉलेजांच्या परस्पर करारातून जाणाऱ्यांना तिथली शिक्षण फी पडत नाही, प्रश्न राहण्या-खाण्याचा आहे. माझ्या इंटर्नशिपच्या मानधनातले काही पैसे शिल्लक आहेत, ते त्याला देते म्हणाले. काकू हो म्हणाली. काका काहीच बोलले नाहीत.

भोसरी_शेड

तोवर सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठव. पंप नाहीत, पण मोजमापं भरपूर आहेत.