वर्डमध्ये एकच तळटीप परत परत कशी वापरायची?

कसबापेठी: नमस्कार मंडळी, नानासाहेब पेशव्यांच्या कात्रजच्या नळयोजनेवर प्रबंध लिहितेय. कोस, गज, हात या मोजमापांचा खुलासा एका तळटिपेत दिलाय आणि तीच टीप पुढे बऱ्याच ठिकाणी लागतेय. कॉपी-पेस्ट केली की वर्ड नवा नंबर देतो आणि तोच चार ओळींचा मजकूर परत खाली. हाताने ३ लिहून सुपरस्क्रिप्ट केला तर मधे एखादी टीप घातली की सगळं बोंबललं. काय करू?

प्रूफवाला: हाताने नका लिहू. कर्सर हव्या त्या जागी ठेवा, रेफरन्सेस टॅबमध्ये क्रॉस-रेफरन्स, तिथे टाइप फूटनोट निवडा आणि त्याच्या शेजारी "फूटनोट नंबर (फॉर्मॅटेड)" घ्या, म्हणजे आकडा आपोआप वर चढतो. फक्त तो फील्ड (वर्डने स्वतः भरलेला आकडा) असतो, आपणहून बदलत नाही, त्यामुळे टिपा वाढल्या-कमी झाल्या की कंट्रोल+ए आणि एफ९ दाबून ताजा करा. तळटिपांच्या आत असे आकडे असतील तर तिथे क्लिक करून परत तेच, कारण वरचं सिलेक्शन खालपर्यंत पोचत नाही.

लिब्रेप्रेमी: लिब्रेऑफिसमध्येही (वर्डसारखंच फुकट सॉफ्टवेअर) इन्सर्टमधून क्रॉस-रेफरन्स आहे, पण आकडा सुपरस्क्रिप्ट तुम्हालाच करावा लागेल.

सदाशिवपेठी: तांत्रिक उत्तर बरोबर आहे पण वाचणाऱ्याचा विचार करा की जरा. पान १४० वर ३ दिसला आणि खाली ३ नंबरची टीपच नाही, तर परीक्षक शोधत बसणार. एकाच पानावर किंवा एकाच तक्त्यात असेल तर क्रॉस-रेफरन्स झकास. लांब असेल तर नवीन छोटी तळटीप घाला, "मोजमापांसाठी पाहा तळटीप ३", आणि त्यातला ३ तेवढा क्रॉस-रेफरन्सने.

कसबापेठी: आमच्याकडे नंबर प्रत्येक प्रकरणात १ पासून सुरू होतात, गाइडचा आग्रह.

सदाशिवपेठी: मग तर नुसता आकडा अजिबातच नको, चौथ्या प्रकरणाची स्वतःची ३ असणारच! "प्रकरण १, तळटीप ३" असं लिहा. संदर्भग्रंथांसाठी हा खटाटोप नकोच, तिथे "तत्रैव" (म्हणजे त्याच ग्रंथात) नाहीतर "उनि" (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे आधी सांगितलेला ग्रंथ) आहेच.

प्रूफवाला: आणि प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत असतील तर आधी एक करा, मग क्रॉस-रेफरन्स घाला. मूळ टीप डिलीट झाली की एफ९ नंतर आकड्याच्या जागी "एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड" येतं, आणि अप्पा बळवंत चौकातला प्रिंटवाला तेही निमूटपणे छापून बाइंडिंग करून देतो. पीडीएफ केली की आधी "एरर" सर्च करा.