'धारासभा' : कायदेमंडळ, विधिमंडळ की विधानसभा?

रावपुरेकर : नागरिकशास्त्राच्या टिपणाचं गुजरातीतून मराठी करतोय. वाक्य साधं आहे: कायदे घडवण्याची सत्ता धारासभेची, अंमल कारोबारीचा, निवाडा न्यायतंत्राचा. मी 'धारासभे'साठी 'विधिमंडळ' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'विधानसभा' केलं. बरोबर काय?

मांजलपूरकर : दोन्ही नाहीत. वाक्य शासनाच्या शाखेबद्दल आहे, म्हणून 'कायदेमंडळ'. त्याच्या जोडीला 'कार्यकारी मंडळ' आणि 'न्यायमंडळ'. 'विधिमंडळ' म्हटलं की राज्याचं, मग संसद वाक्याबाहेर राहते. 'विधानसभा' तर एक सभागृह. गुजरातेत विधान परिषद नाही, १८२ जागांची विधानसभा तेवढी, म्हणून आपल्याकडे दोन्ही शब्द एकच वाटतात. महाराष्ट्रात २८८ जागांची सभा आणि ७८ जागांची परिषद आहे, तिथं ही चूक लगेच दिसते.

कारेलीबाग : गुजरातेतही ते एक नाहीत! राज्यघटनेच्या अनुच्छेद १६८ प्रमाणे राज्यपालही विधिमंडळाचा भाग, जसे ७९ प्रमाणे राष्ट्रपती संसदेचा. सभागृहानं मंजूर केलेलं विधेयक अनुच्छेद २०० खाली संमती मिळाल्याशिवाय कायदा होत नाही. 'विधानसभा' लिहिलंत तर ही पायरीच गळते.

दांडियाबाजार : 'कायदा' अरबी, 'मंडळ' संस्कृत. असा जोड कशाला? 'विधिमंडळ' एकजिनसी आहे, त्याचाच अर्थ रुंद करा.

मांजलपूरकर : आठवीतल्या मुलाला 'विधी' म्हटलं की लग्नाचे विधी आठवणार. 'कायदा' त्याला घरातच कळलेला असतो. एकजिनसीपणापायी हिंदीतला 'विधायक' आमदारासाठी आणू लागलो, तर आपल्या 'विधायक काम'मधला चांगला अर्थ बिचारा जायचा कुठं? आणि 'आमदार'सुद्धा परक्या मुळाचाच आहे, तो काढणार का?

रावपुरेकर : मग 'धारासभा'च ठेवली तर? बडोद्याच्या मराठीत आमदाराला 'धारासभ्य' सर्रास चालतं, सयाजीराव महाराजांच्या संस्थानातही धारासभा होती.

कारेलीबाग : बोलण्यात ठेवा, छपाईत नको. गुजरातीत 'धारो' म्हणजे कायदा, मराठीत 'धारा' म्हणजे शेतसारा, हिंदीत 'धारा' म्हणजे कलम. एक शब्द तीन दिशांना ओढतो. 'कारोबारी'चंही तेच, मराठी वाचक धंदा समजेल. सगळ्यांत फसवा 'खरडो'. गुजरातीत ते विधेयक. मराठीत खरडा म्हणजे कच्चं लिखाण, आणि सभागृहात मांडलेलं विधेयक कच्चं नसतं. त्यात बदल करायचा तर रीतसर दुरुस्ती मांडून मंजूर करून घ्यावी लागते.

दांडियाबाजार : 'वटहुकूम' मात्र दोन्ही भाषांत एकच. मला त्यात 'त्याची गावात वट आहे' मधला वट दिसतो.

मांजलपूरकर : नाद सारखा म्हणून मूळ सारखं होत नाही. आधी जुना लेखी दाखला द्या.

कारेलीबाग : वट कुठलाही असो, त्या शब्दानं टिपणातली एक चूक उघडी पडते. 'कायदे करण्याचा अधिकार फक्त कायदेमंडळाला' असं लिहिलं असेल तर 'फक्त' काढा. अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती अनुच्छेद १२३ खाली आणि राज्यपाल २१३ खाली वटहुकूम काढतात, तोही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं, आणि त्याला कायद्याइतकाच जोर असतो. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो.

दांडियाबाजार : 'वटवणे' पाहा. हुंडी वटते, तसा हुकूम वटतो. हा दाखला चालेल का?

मांजलपूरकर : हुंडी पैशात वटते, हुकूम कशात वटणार?