मोंगूस कुणाचा? मराठीचा की तेलुगूचा?

शब्दवेडा: ‘इंग्रजीतला मोंगूस, म्हणजे आपलं मुंगूस, हा शब्द तेलुगूतून गेला, मराठी माणसाने उगाच छाती फुगवू नये’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. इंग्रजांच्या कानावर शब्द कुठे पडला ते बघा ना! जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मुंबई-सुरतेकडे राहिला, जुन्नरलाही जाऊन आला. त्याच्या १६९८ च्या प्रवासवर्णनात हा शब्द आहे. जुन्नरात त्याला तेलुगू कोण शिकवणार होतं? आजचे मोठे इंग्रजी कोशही मराठीचंच नाव घेतात.

बेळगावकर: कोशच काढायचे तर इंग्रजांच्या बोलण्यात आलेल्या भारतीय शब्दांचा १८८६ चा कोश, हॉब्सन-जॉब्सन, उघडा, तिथे तेलुगू लिहिलंय. कन्नडात मुंगुसी, तेलुगूत मुंगिस. उलट संस्कृतात नकुल, हिंदीत नेवला, गुजरातीत नोळियो. आपल्या उत्तरेला हा शब्द नाही, दक्षिणेला सगळीकडे आहे. आमची आजी कानडी, आजोबा मराठी. मुंगूस कुणाचं, यावरून आमच्या घरात कधी भांडण झालं नाही.

शब्दवेडा: ‘सगळीकडे’ कसं? तमिळ-मल्याळममध्ये कीरी म्हणतात. सोयीचं तेवढंच सांगू नका.

खडूफळा: मला वेगळाच राग आहे. माझ्या मुलीच्या पेपरात ‘मोंगूसेस’ लिहिलं म्हणून बाईंनी मार्क कापला, ‘मोंगीज’ हवं म्हणे! गूसचं गीज होतं, कारण तो मुळात इंग्रजीच शब्द. मोंगूसचा त्या हंसाशी काय संबंध? पोर रडत घरी आली.

कुंचला: शब्दावरून भांडताय, प्राण्याचं काय? मुंगसाच्या केसांचे ब्रश अजून चोरून विकले जातात. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे तरीही. एका जनावराचे कामाचे केस निघतात थोडेसे, म्हणजे मारावी लागतात किती!

जुना रंगारी: आम्ही चित्रकारांनी ते ब्रश हौसेने नाही वापरले. तैलरंगात त्या केसांना जो ताण असतो, तो नायलॉनला नाही. पोट्रेट करून बघा, मग बोला.

कुंचला: करते की! वीस वर्षं करतेय, नायलॉनवरच. आमच्या गावात मुंगूस दिसलं की पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायची, इतका जीव. आणि शहरात त्याच्याच केसांनी गणपती रंगवायचे?

जुना रंगारी: माझ्याकडचे तीसेक वर्षांपूर्वीचे आहेत. ते काय फेकून देऊ? नवे घेत नाही, एवढं पुरे.

शब्दवेडा: अहो, विषय मोंगूस शब्दाचा होता! बेळगावकर, मूळ दक्षिणेतलं असेल, घ्या. पण इंग्रजीला दिला आपणच.

बेळगावकर: तेही इतकं सरळ नाही. तेलुगू मुलखातल्या मछलीपट्टणला इंग्रजांची वखार १६११ पासून होती, मुंबई त्यांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी. तिथे मुंगसं नव्हती का?

कुंचला: रंगारीकाका, नवे घेत नाही म्हणता ते ठीक. पण तुमचे विद्यार्थी तुमच्या हातातला ब्रश बघून दुकानात तोच मागतात, त्याचं काय?