लिमिट होल्डेम पोकरमध्ये अठ्ठीची जोडी फ्लॉपवर सोडावी का?

बदामदश्शी:
कोथरूडात शनिवारी रात्री सात जण बसतो. फिक्स्ड लिमिट होल्डेम (बेटेचा आकडा ठरलेला), नुसत्या चिप्स, पैसे नाहीत. छोटी बेट २ (फ्लॉपपर्यंत), मोठी ४ (टर्नपासून), ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी भरायच्या चिप्स) १ आणि २. हातात किलवर आणि चौकट अठ्ठी, जागा बटणाच्या (पानं वाटणाऱ्याच्या जागेच्या) लगेच आधीची. पहिल्या जागेवरून रेज (बेट वाढवून ४), मध्ये एक कॉल (तेवढेच भरणं), माझा कॉल, बिग ब्लाइंडचा (२ भरलेल्याचा) कॉल. पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) १७. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं): इस्पिक राजा, इस्पिक गुलाम, बदाम चव्वी. ब्लाइंड चेक (बेट न करता पुढे), रेजवाल्याची बेट, मधल्याचा रेज. मला ४ टाकायचेत. सोडू की टर्न (चौथं सामाईक पान) बघू? सत्ती ते दश्शीच्या जोड्यांसाठी काही ठोकताळा असेल तर तोही सांगा.

पर्वतीपायथा:
सोडा. पॉटमध्ये आता २३, तुम्हाला टाकायचेत ४, म्हणजे भाव पावणेसहास एक. न दिसलेली पानं ४७ आणि त्यांत अठ्ठ्या २, म्हणजे टर्नला अठ्ठी न येण्याचं प्रमाण साडेबावीसास एक. त्यातली एक अठ्ठी इस्पिकची. ती आली की टेबलावर तिसरं इस्पिक पडतं आणि तुमच्या सेटवर (तीन अठ्ठ्यांवर) कुणाचा तरी फ्लश (पाच इस्पिक पानं) बसू शकतो. शिवाय ब्लाइंड आणि रेजवाला अजून बोलायचेत. कॅप (रेजची ठरलेली मर्यादा) लागली तर या ४ चे ८ होतात.

तीनपत्तीची सवय असली की जोडी सोडवत नाही, कारण तिथे जोडी म्हणजे चांगला हात. इथे पाच पानं सगळ्यांची सामाईक असतात, चौघांत अठ्ठीची जोडी फारशी टिकत नाही.

किलवरतिर्री:
फ्लॉपबद्दल सहमत. पण त्याआधीचा कॉलही काठावरचा आहे. पहिल्या जागेवरून रेज करणारा घट्ट (मोजकेच चांगले हात खेळणारा) खेळाडू असेल तर त्याच्याकडे एक्का ते दश्शीच्या जोड्या ३० प्रकारे येतात, एक्का-राजा १६ प्रकारे. मोठ्या जोडीसमोर अठ्ठी पाचात एकदा जिंकते, एक्का-राजासमोर निम्म्याहून थोडी जास्त. फ्लॉपवर सेट लागायचं प्रमाण साडेसातास एक विरुद्ध. नो-लिमिटमध्ये (बेटेला मर्यादा नसते तिथे) सेट लागला की समोरच्याच्या सगळ्या चिप्स मिळू शकतात, लिमिटमध्ये मोजक्या बेटाच मिळतात. म्हणून रेज नसताना चार-पाच जण आत आले असतील तर २ टाकून बघा. तुमच्यापर्यंत रेज आणि रिरेज (रेजवर रेज) झाला असेल तर ६ घालू नका, सत्ती-अठ्ठी तिथेच सोडा. मध्ये कुणीच नसेल आणि रेजवाला सैल असेल तर उलट स्वतःच रिरेज करा. मागचे लोक निघून जातात आणि डाव दोघांत उरतो.

बदामदश्शी:
पटलं. मग मोठं पान पडलं की सोडायची, असा नियम धरू का?

पर्वतीपायथा:
अजिबात नको. अठ्ठी असताना फ्लॉपवर निदान एक मोठं पान पडण्याची शक्यता ८७ टक्के आहे, नव्वीला ७९, दश्शीलाही सुमारे ७०. त्या नियमाने जवळपास प्रत्येक डाव सोडाल. मोठं पान पडलं यापेक्षा डावात किती जण उरलेत हे आधी बघा.

समजा तुम्ही बिग ब्लाइंड, बटणाचा रेज, तुमचा कॉल, बाकी सगळे बाहेर. पॉट ९. फ्लॉप राणी-सत्ती-तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. तुमचा चेक, त्याची बेट. शेवटपर्यंत नुसते कॉल केलेत तर २+४+४ म्हणजे १० घालून १९ जिंकायचेत, म्हणजे शंभरात ३५ वेळा जिंकलं तरी पुरतं. बटणावरून लोक वाट्टेल ते घेऊन रेज करतात. राणी नसलेले हातच जास्त. इथे सोडणं ही चूक ठरते.

पुढे मात्र भाव बदलत जातो. टर्नला त्याने पुन्हा बेट केली की ८ घालून २१, म्हणजे २८ टक्के हवेत. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानावर) ४ घालून २५, म्हणजे १४ टक्के पुरतात. म्हणून दोघांच्या डावात रिव्हरवर जोडी सोडणं बहुतेक वेळा महाग पडतं. सोडायचीच तर टर्नवर, बेट दुप्पट होते तिथे. टर्नला एक्का आला आणि त्याने तरीही बेट केली, तर सोडा. त्याच्या हातांत एक्केच जास्त असतात.

किलवरतिर्री:
एक राहिलं. फ्लॉप छक्की-चव्वी-दुर्री असा आला आणि तिघं-चौघं असतील तर नुसता कॉल करू नका, रेज करा. राणी-गुलाम धरून बसलेल्याला २ ऐवजी ४ मोजावे लागतात. फुकट किंवा स्वस्तात टर्न दिलात तर त्याची सहा पानं (उरलेल्या तीन राण्या, तीन गुलाम) तुम्हाला मागे टाकतात.

आणि पॉट चिप्सऐवजी बेटांत मोजायची सवय लावा. तुमच्या डावात फ्लॉप पडला तेव्हा साडेआठ छोट्या बेटा होत्या. टर्न आला की आकडा निम्मा करायचा, कारण आता बेट मोठी. घरी सराव करायचा तर दोन अठ्ठ्या बाजूला काढा, उरलेली ५० पानं पिसून तीन-तीन उलटा. प्रत्येक फ्लॉपला समोर एकच आहे असं धरून एकदा ठरवा, मग तिघं आहेत असं धरून.