छोट्या रिव्हॉल्वरला ‘गरम’ काडतूस पाजणाऱ्यांस

गिरगावकर_आप्पा
परवा ‘ठाणे_टू_टेक्सास’ यांनी ठोकून दिलं की दोन इंची नळीच्या रिव्हॉल्वरमध्ये प्लस पी (म्हणजे जास्त दाबाचं काडतूस) सोडून दुसरं काही भरणारा माणूस खिशात पेपरवेट घेऊन फिरतो. शेवटी वर ‘मुंबईतल्या लायसन्सवाल्यांनीही आता जागं व्हावं’. वाचता वाचता चहा गार झाला. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

तुमची .३८ स्पेशल. साध्या काडतुसाचा कमाल दाब १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), प्लस पीचा २०,०००. दोन्ही मापाला तंतोतंत सारखी, फरक काय तो बुडावरच्या शिक्क्यात. म्हणजे आजोबांच्या काळातल्या हलक्या फ्रेममध्येही प्लस पी निमूट जाऊन बसते. हे १९७४ पासून चालू आहे आणि वाद तेव्हापासून तोच.

आता आमचं बघा. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्वर. काडतूस १८९६ सालचं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, दाब फार तर १५,०००. आणि हत्यार जुन्या वेब्लीच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं. सगळा भार वरच्या खिट्टीवर आणि खालच्या बिजागरीवर. दरवाजा सागवानी लावा, कडी चाळीतलीच आहे ना! तिला रोज लाथा घातल्या की आधी ती खुळखुळणार, मग काडतुसांचा फिरता सिलिंडर आणि नळी यांतली फट वाढणार, मग कडेने शिसं उडणार. जागं कोणी व्हायचं?

ठाणे_टू_टेक्सास
आप्पा, मी तुमच्या कानपुरीबद्दल बोललोच नव्हतो. माझं स्मिथ अँड वेसनचं ६४२ आहे, सव्वाचारशे ग्रॅमचं, आणि कंपनीनेच त्याला प्लस पी चालते म्हटलंय. दोन इंचांत होलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी) फुलायला वेग लागतो, तो साध्या गोळीत नाही. इतकंच. बाकी तुमच्याकडे .३२ मॅग्नमही आहेच की, ती भरा.

गिरगावकर_आप्पा
‘मुंबईतल्या लायसन्सवाल्यांनीही’ हे मग माझ्या मांजराने टाइप केलं का? .३२ मॅग्नम १९८४ची. तिची केस (पितळी पुंगळी) जवळपास ४ मिलिमीटरने लांब ठेवली तीच मुळी लाँगच्या चेंबरमध्ये शिरू नये म्हणून. आणि ‘तुमच्याकडे आहेच’ म्हणजे कुठे? भुलेश्वरला?

मुलुंडचा_मध्या
पण २०१४ ला कानपूरचंच ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर आलं ते टायटॅनियमचं आहे. अर्धा किलो वजन, तेव्हा सव्वा लाखाच्या घरात किंमत. तेवढे पैसे मोजून पुन्हा तीच मिळमिळीत गोळी?

वरळीची_नेमबाज
मध्या, टायटॅनियम असलं तरी उघडतं मधूनच. शिवाय हलकं म्हणजे झटका जास्त, हे साधं गणित आहे.

आणि ‘मिळमिळीत’ म्हणू नका हो. सेंटर फायर या पिस्तूल नेमबाजीच्या प्रकारात जगभर बहुतेक जण .३२ वॅडकटरच (चपट्या तोंडाची गोळी) मारतात. जसपाल राणांनी १९९४ ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात. कागदावर मारणं वेगळं, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. मावसबहिणीकडे गेले होते तेव्हा तिचं ६४२ प्लस पी भरून चालवलंय मी. तिसऱ्या राऊंडला अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोललं, पाचवा राऊंड टार्गेटच्या खाली मातीत. रोज दोन-दोन तास रेंजवर काढणारी मी! आठवड्याला एकदा कपाट उघडणाऱ्या माणसाचं काय होईल? त्यात झटक्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात, एखादी जास्त सरकली की सिलिंडरच अडकतो.

ठाणे_टू_टेक्सास
ताई, ग्रिप बदला. रबरी मिळते.

वरळीची_नेमबाज
धन्यवाद. मला सुचलंच नव्हतं. चौदा वर्षं उगाच गेली.

कांदिवली_पश्चिम
तुम्ही दाबावर भांडा. माझं हत्यार तरी कुठे घरात असतं? २०२४ ला लोकसभेच्या निवडणुकीसाठी पोलिसांत जमा, नोव्हेंबरच्या विधानसभेसाठी पुन्हा जमा. पहिल्या वेळी परत मिळालं तेव्हा बटाला चरा आणि नळीत गंज, भर पावसाळ्यात ओल्या पोत्यात ठेवल्यासारखा. पावती मागितली तर साहेब म्हणाले, विश्वास नाही का?

निवृत्त_फौजदार
सरसकट जमा करायचं नसतंच. निवडणूक आयोगाच्या सूचनांत स्क्रीनिंग कमिटी आहे, ती एकेक प्रकरण बघते. अर्ज का केला नाहीत?

कांदिवली_पश्चिम
केला होता साहेब. उत्तर निकाल लागल्यावर आलं.

मुलुंडचा_मध्या
नेमबाजांना सूट, बँकेच्या गार्डला सूट. धंदा सांभाळणाऱ्या माणसाने मात्र रांगेत उभं राहायचं. असो, काहींना वरळीत बसून उपदेश करायला काय जातं.

वरळीची_नेमबाज
सूट फुकट नाही मिळत, मध्या. संघटनेचं सदस्यत्व, स्पर्धांची प्रमाणपत्रं, सगळं दाखवावं लागतं. ‘काहींना’ म्हणायच्या आधी एक पहाट रेंजवर ये. आणि टेक्सासवाले, ‘ताई’ नको, नाव वापरा.

मुलुंडचा_मध्या
तुम्हाला उद्देशून नव्हतं. (होतं थोडं.)

निवृत्त_फौजदार
मूळ विषयावर या. मला खाजगीत एकाने विचारलंय, ‘टेक्सासवाले दिवाळीला येताना चार गोळ्या आणतील का?’ जाहीर उत्तर देतो. बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस निघालं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा लागतो. फराळ सहार पोलीस ठाण्यात करायचा असेल तर खुशाल आणा. काडतुसं घरी ‘भरून देणारा’ ओळखीचा कारागीर असेल, तर त्याचा नंबर मला द्या.

शिवाजी_पार्क_सून
पहिल्यांदाच लिहितेय. सासऱ्यांचं .३२ आहे. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली, कपाटात, अकरा वर्षं. मुंबईची दमट हवा आणि चामडं, पितळावर हिरवी बुरशी धरली होती. रेंजवर नेलं. दुसऱ्या राऊंडला धडाम नाही, नुसतं फुस्स. सासरे पुन्हा घोडा ओढणार, तेवढ्यात शिकवणाऱ्यांनी मनगटच धरलं. गोळी नळीत अर्ध्यावर अडकली होती. मागून दुसरी सुटली असती तर नळी फुगली असती, सासऱ्यांच्या तोंडासमोर. तेव्हा जास्त दाबाचं तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे कमी दाबानेच घाम फुटला होता.

ठाणे_टू_टेक्सास
हा मुद्दा मान्य. कानपुरीपुरतं माझं वाक्य मागे घेतो, आप्पांनी फ्रेम करून लावावं. माझ्या ६४२ मध्ये प्लस पीच राहणार. सरावाला मात्र साधीच वापरतो, कारण… बरं, बेचक्यात दुखतं.

वरळीची_नेमबाज
रबरी ग्रिप मिळते.

गिरगावकर_आप्पा
फ्रेम सागवानीच करतो. शिवाजी पार्कच्या सूनबाईंचं वाचून आत्ता कपाटातली डबी काढली. २००९ ची काडतुसं, सहा. त्यांतली दोन हिरवी. कुणी हसू नये. फौजदारसाहेब, ही कुठे जमा करायची? पावती मिळेल ना?