पानगळीत जलाशयावर कयाक: दिवसभराच्या सफरीचे अनुभव

पानगळीच्या दिवसांत धरणाच्या पाण्यावर कयाक (वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी) घेऊन सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांनी इथे लिहा. काय न्यावं, काय फसतं आणि का, ते नेमकं सांगा.

*

हवामानाच्या आधी पाण्याची पातळी बघा. सिंचनासाठी, विजेसाठी पाणी सोडून सोडून या मोसमात बरेच जलाशय कित्येक मीटर उतरलेले असतात. नकाशात दिसणारी फुगवट्याची चिंचोळी टोकं तेव्हा नुसता गाळ असतो. बुडीत क्षेत्रातली झाडांची खोडं पाण्याखाली वीतभरावर आलेली असतात. कयाक मधोमध खोडावर चढली तर एका बाजूला झुकून ढकलू नका, उलटेल. अंग ताठ ठेवून आल्या वाटेने मागे रेटा. काठाला लागताना वल्हं गाळात उभं खुपसून बघा. अर्धं पातं सहज आत गेलं तर तिथे पाय टाकू नका, खडकाळ जागा शोधा.

*

कपडे हवेला नव्हे, पाण्याला बघून घाला. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, आणि तेव्हा तोंड पाण्याबाहेर ठेवतं ते लाइफ जॅकेटच. पुढची साधारण १० मिनिटं बोटं नीट चालतात. सुती कपडा अजिबात नको. वेटसूट (ओला झाला तरी ऊब धरणारा) किंवा ड्रायसूट (आत पाणी न येऊ देणारा) हवा, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड ड्राय बॅगेत, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत. बॅगेचं तोंड निदान तीन वेळा गुंडाळा, दोनदा गुंडाळलेलं गळतं. जॅकेट खांद्यांपाशी धरून कुणाला तरी वर ओढायला लावा. कानांपर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत.

*

पाण्यात पडल्यावर बोटं चालतात त्या १० मिनिटांत कयाकमध्ये परत बसायचं ते असं. कयाक सरळ करा. वल्ह्याच्या एका पात्यावर पॅडल फ्लोट (पात्यावर बसणारी फुगवायची पिशवी) चढवून पूर्ण फुगवा. दुसरं पातं कॉकपिटच्या (बसायच्या खाचेच्या) मागच्या कडेवर आडवं दाबून धरा. पाय मारत मागच्या डेकवर (कयाकच्या वरच्या पाठीवर) पालथे व्हा, पाय कॉकपिटमध्ये सरकवा आणि फ्लोटकडे तोंड ठेवून वळा. बहुतेक जण इथेच चुकतात: वजन दुसऱ्या बाजूला गेलं की फ्लोट उचलला जातो आणि सगळं पहिल्यापासून. आत बसल्यावरही पाणी पंपाने काढून होईपर्यंत फ्लोट काढू नका. कॉकपिटच्या मागे बंद कप्पा नसेल तर हवेची पिशवी भरल्याशिवाय ती कयाक पाण्यात घालूच नये, असं माझं ठाम मत आहे. कयाक पाण्याने भरली की पंप पुरा पडत नाही. हे सगळं आधी उबदार पाण्यात, काठाजवळ पाचसहा वेळा करून बघा.

*

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर तो पाठीशी येईल. शांत पाण्यात ताशी ४-५ किलोमीटर होतात, समोरून वारा असला की निम्म्यावर. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसला की काठ धरा. गार सकाळी पाण्यावर धुकं असतं, ते विरेपर्यंत थांबा. सांडव्यासमोरच्या तरंगत्या खुणा ओलांडू नका. पाणी आत ओढणाऱ्या तोंडांचा ओघ वरून दिसत नाही. दिवस लहान असतो, सूर्यास्ताच्या दोन तास आधी परतलेले असा.

*

गाडीवर चढवण्याआधी निचऱ्याचं बूच उघडून पाणी काढा, शेवाळ पुसा, पूर्ण वाळवा. झेब्रा शिंपल्यांच्या (भराभर पसरणारी उपद्रवी जात) अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. तळाशी राहिलेल्या ओंजळभर पाण्यातून त्या दुसऱ्या जलाशयात पोचतात.